‘आमच्या वॉर्डात या’ म्हणजे कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी माणसांना हे कोडं हमखास पडतं: ‘मॉर्मन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती चर्चचे शेजारी रविवारी ‘आमच्या वॉर्डात या’ म्हणतात, ते नेमकं कुठे? आणि जवळ एवढं देखणं टेंपल असताना तिथे का नेत नाहीत?

वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी. तुमचा वॉर्ड कुठला हे घराच्या पत्त्यावरून ठरतं. युटात एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड वेळा वाटून घेतात, तेव्हा आधी वेळ विचारून घ्या. नाहीतर सभा भरलेली असेल, पण शेजारी दिसणार नाहीत. माणसं थोडी असली तर ती ब्रँच. काही वॉर्ड-ब्रँच मिळून स्टेक. भारतातला पहिला स्टेक 2012 साली हैदराबादला झाला.

वॉर्डाचा प्रमुख बिशप. त्याला झगा नाही, पगारही नाही. आठवडाभर तो दंतवैद्य असेल नाहीतर शिक्षक, आणि साधारण पाचेक वर्षांनी जागा दुसऱ्याला देतो. अशा जबाबदारीला ‘कॉलिंग’ म्हणतात. नाव जाहीर झालं की सभासद पाठिंब्यासाठी उजवा हात वर करतात. पाहुण्यांनी भिडेखातर हात उचलायची गरज नाही.

रविवारचा मुख्य भाग म्हणजे सॅक्रामेंट मीटिंग, येशूच्या स्मरणार्थ पाव आणि पाणी घेण्याची सभा. 2019 पासून ती तासाभराची असते, पुढचा तास वर्गांचा. गीत चालू असताना पुढच्या टेबलावर साध्या पावाचे तुकडे केले जातात. मग बहुधा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गुडघे टेकून प्रार्थना वाचतो. ती शब्दन् शब्द ठरलेली आहे. एखादा शब्द चुकला की बिशप खूण करतो आणि प्रार्थना नीट वाचली जाते. पोराचे कान लाल होतात, पण कुणी हसत नाही. नंतर बारा-तेरा वर्षांची मुलं ताटल्या रांगेरांगेत फिरवतात. पावानंतर पाण्यासाठी वेगळी प्रार्थना. हो, पाणीच, द्राक्षारस नाही. तुम्हाला घ्यायचं नसेल तर ताटली शेजाऱ्याकडे सरकवा, कुणाला राग येत नाही. दानपेटी फिरत नाही, भाषणानंतर टाळ्याही नसतात. सगळे मोठ्याने ‘आमेन’ म्हणतात.

महिन्याचा पहिला रविवार बहुधा ‘फास्ट संडे’. लागोपाठ दोन जेवणं सोडायची, पाणीसुद्धा नाही. साबुदाण्याचा तर प्रश्नच नाही. वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. त्या दिवशी ठरलेले वक्ते नसतात, ज्याला वाटेल तो उठून आपली श्रद्धा सांगतो. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सहसा जनरल कॉन्फरन्स, म्हणजे साऱ्या चर्चचं अधिवेशन असतं, म्हणून तेव्हा हा उपवास पुढेमागे होतो. वॉर्डाचं एकत्र जेवण असेल तर मात्र पदार्थ जरूर न्या, फक्त चहाचा थर्मास घरीच ठेवा. त्यांना चहा-कॉफी वर्ज्य आहे. आणि ‘मॉर्मन’ हे नाव वापरू नका, असं 2018 पासून चर्चचंच सांगणं आहे.

आता टेंपल. ते रविवारी बंद असतं आणि साप्ताहिक सभा तिथे होतच नाही. तिथे मृत पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा, विवाह असे विधी होतात. आत जायला ‘रेकमेंड’ लागतं: आधी बिशपच्या, मग स्टेकच्या मुलाखतीनंतर मिळणारं कार्ड, सर्वसाधारणपणे दोन वर्षांचं. शेजाऱ्याने ठरवलं तरी तो तुम्हाला आत नेऊ शकत नाही. नव्या टेंपलच्या समर्पणाआधी मात्र काही दिवस ते सर्वांना खुलं असतं.