चार्जबॅक आणि काट्यावरचा फोटो

सांगलीहून बेदाणा ऑनलाइन विकताना भावापेक्षा चार्जबॅकचीच, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीवरून बँकेने पैसे परत खेचण्याची, धास्ती अधिक वाटते. ‘माल मिळालाच नाही’ अशी तक्रार ग्राहकाने आपल्या बँकेकडे केली, की ती व्हिसा, रुपेसारख्या कार्ड नेटवर्कमार्फत आमच्या पेमेंट गेटवेपर्यंत (आमच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेपर्यंत) येते आणि निकालाआधीच रक्कम बहुधा आमच्याकडून वळती झालेली असते. वर शुल्क वेगळेच. मुदतीत उत्तर गेले नाही, तर दावा हातचा जातो. म्हणून सीलबंद पिशवी काट्यावर ठेवून, वजन आणि ऑर्डर क्रमांक एकत्र दिसतील असा फोटो मी काढते व कुरिअरच्या पावतीवरील वजन त्याच्याशी जुळवते. मात्र कार्डधारकाने व्यवहारच नाकारला, तर हा फोटो फारसा उपयोगी पडत नाही. तिथे ओटीपी पडताळणीची नोंद लागते, आणि ती गेटवेकडूनच मागवावी लागते.