फॉरेन्सिक घेऊ का, मॅडम?

पीजीचं काउन्सेलिंग, म्हणजे एमबीबीएसनंतरची शाखा निवडायची फेरी, सुरू झाली की असा एखादा फोन येतोच. यंदा तुझा आला. घरचे म्हणत असतात, एमबीबीएस होऊन मढी फाडणार का? आमच्या एका काकूंनी तर माझं लग्न ठरेपर्यंत पाहुण्यांना 'सरकारी कॉलेजात शिकवते' एवढंच सांगितलं होतं. मी स्वतः हौसेनं आले असंही नाही. रँक बरी असती तर मेडिसिन घेतलं असतं.

आधी एक गोष्ट समजून घे. परदेशी मालिकांतला कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, आपल्याकडे नाही. मुंबईत होता, तोही १९९९ मध्ये गेला. मृत्यू कसा झाला याचा तपास पोलिसांचा, कोठडीतला मृत्यू असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांचा. आपल्या वाट्याला येतो तो देह आणि सोबत हवालदारानं आणलेला पंचनामा.

त्या पंचनाम्यावर विसंबायचं नाही. पावसाळ्यात एक शेतकरी आला होता, कागदावर 'पोटदुखीने अकस्मात मृत्यू'. उघडल्यावर आत काहीच सापडेना. मी हातमोजे काढून बाहेर गेले, त्याच्या बायकोला विचारलं, झोपले कुठे होते?

"खालीच, मॅडम. उकडत होतं न. पहाटी पोट दुखे म्हने, मंग त्याइचे डोयेच उघडेना."

जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटदुखी, मग मिटत जाणाऱ्या पापण्या. मण्यार! तिचा दंश सुजत नाही, नीट दिसतही नाही. आमच्या शवागारातल्या मामांनी टॉर्च धरला आणि कानामागे टाचणी टोचल्यासारखे दोन ठिपके सापडले. तेवढी कातडी कापून व्हिसेऱ्यासोबत, म्हणजे लॅबला पाठवायच्या आतल्या अवयवांच्या नमुन्यांसोबत, राखून ठेवली. शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश बसतो, वारसाला २ लाख मिळतात. पोटदुखी बसत नाही.

म्हणून 'मेलेला पेशंट तक्रार करत नाही, आरामाची ब्रँच' असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. नातेवाईक दारात ताटकळत असतात, पोलिसांना कागद आत्ता हवा असतो, आणि व्हिसेऱ्याचा अहवाल कधी येईल ते लॅबलाच ठाऊक.

वासाचं विचारलंस. नाक लवकर सरावतं. मी अजून सरावले नाही ती साक्षीला. बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलीस तरी जुन्या केसचं समन्स मागोमाग येतं. रात्रीची एसटी धरून कोर्टात पोचायचं आणि कधीकाळी घाईत लिहिलेल्या एका शब्दावरून बचावाच्या वकिलाकडून सोलून घ्यायचं. जखमेची लांबी, रुंदी, जागा मोजून लिहिलेली असेल तरच निभावतं.

खासगी प्रॅक्टिस जवळपास नाहीच, पगारावर भागवायचं. एवढं ऐकूनही यायचं असेल तर आतापासून हवालदारांचं अक्षर वाचायची सवय कर. ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.