खांबांवरच्या पाट्या

बर्लिन, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

१९३८ साली आजच्याच रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनागृहे जाळली गेली आणि दुकाने फोडली गेली, म्हणून आज या शहरात लोक पदपथांवर बसवलेल्या पितळी स्मृतिपट्ट्या घासूनपुसून त्यांच्याजवळ मेणबत्त्या ठेवतात. सध्या मुक्कामाला आलेल्या आईला घेऊन मी सकाळी शोनेबर्गमधल्या बवेरियन वस्तीत गेलो. आइन्स्टाइन याच वस्तीत राहत असत. रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नॉक या कलावंतांनी १९९३ साली इथल्या दिव्यांच्या खांबांवर स्मारक म्हणून ८० पाट्या लावल्या. प्रत्येकीच्या एका बाजूला साधेसे चित्र आणि दुसऱ्या बाजूला ज्यूंविरुद्धचा एखादा नियम किंवा त्या काळची आठवण. पाट्या लागत असताना काही रहिवाशांना त्या खऱ्याच वाटल्या आणि त्यांनी पोलिसांना बोलावले, हे मला अजूनही दिलासा देणारे वाटते.

मी आईला एकेक पाटी मराठीत सांगत होतो. १९३३ : गायनमंडळांतून ज्यूंना काढले. १९३९ : बायरिशर प्लाट्झ या इथल्या चौकात ज्यूंनी पिवळ्या खुणेच्या बाकांवरच बसावे. १९४० : बर्लिनमध्ये ज्यूंनी अन्नधान्याची खरेदी दुपारी ४ ते ५ याच वेळेत करावी. १९४२ : ज्यूंना पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत, मागे मांजराचे चित्र. भाषा सगळी परिपत्रकाची, कुठे एक शिवी नाही. मात्र हे नियम अमलात यायचे, तर घड्याळाकडे पाहून गिऱ्हाइकाला परत पाठवणारा वाणी हवा आणि मंडळाच्या वहीतले नाव खोडणारा चिटणीस हवा. अशी माणसे मिळाली, आणि १८ ऑक्टोबर १९४१ रोजी ग्रुनेवाल्ड स्थानकातून ज्यूंना हद्दपार करणारी पहिली गाडी निघाली, तोवर शेजाऱ्यांना ज्यूंवाचून जगण्याची सवय होऊन गेली होती. बर्लिनमधून असे ५०,००० हून अधिक लोक नेले गेले.

ठिकरीच्या खेळाचे चौकोन काढलेल्या पाटीपाशी आई थांबली. आर्य आणि अनार्य मुलांनी एकत्र खेळू नये, १९३८. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "आमच्या गावकीने एक घर वाळीत टाकलं होतं. त्यांच्या मुलीबरोबर मी हेच खेळायचे."

रायगडातल्या तिच्या गावाविषयी मी पुष्कळ ऐकले आहे, हे मात्र कधीच नाही. त्या घराला दुकानात मीठ मिळत नसे, त्यांच्या लग्नामयताला कुणी जात नसे, बोलणाऱ्याला दंड होई. सरकारी यंत्रणेने ६० लाख ज्यूंचा केलेला संहार आणि गावकीचा बहिष्कार एका मापाने मोजता येणार नाहीत, हे मला कळते. पण वाण्याने मीठ नाकारणे आणि खेळणाऱ्या आपल्या पोरीला हाक मारून घरात घेणे दोन्हीकडे सारखेच होते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा संमत केला आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. तो देशातला असा पहिला कायदा, याचा मी इथल्या मित्रांपाशी अभिमानाने उल्लेख करतो. त्याची गरज माझ्या आजोळीही होती, हे मला आज समजले.

"तुला कुणी सांगितलं, तिच्याशी खेळू नकोस म्हणून?" मी विचारले.

"कुणीच नाही. आमच्याकडे पाटी कुठे होती? सगळ्यांना ठाऊकच असायचं."

रात्री जेवताना तिने आपणहून त्या मुलीचे नाव सांगितले, आणि मग तिच्या घरातल्या सगळ्यांची.