गरोदर बाईला स्टडीत कशाला घेता? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, परवा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते तिथेही तेच: "पोटुशी बायकांवर प्रयोग करताना तुम्हाला काही वाटत नाही?" वाटतं. पण तुम्ही समजता ते नाही.

गावोगाव फिरून गरोदर बायकांची नावं औषधांच्या अभ्यासात नोंदवणं हे माझं काम. संमतीपत्र वाचून दाखवायचं, सही नाहीतर अंगठा घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. त्यांना यात ओढूच नका म्हणता. नाही ओढलं की काय होतं ते 2021 मध्ये बघितलंत ना? कोरोना लशीच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना वगळलं. आपल्याकडे लसीकरण 16 जानेवारीला सुरू झालं, गरोदर बायकांना परवानगी मिळाली 2 जुलैला. मधे दुसरी लाट येऊन गेली. वगळलं म्हणजे जपलं, असं होत नाही.

आता दुसरं बघा. दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ नये म्हणून पहिलटकरणींना कमी मात्रेची ॲस्पिरिन देऊन बघितली, भारतासह सहा देशांत, सुमारे 12,000 जणींवर. नागपूर आणि बेळगावकडच्या बायकाही त्यात होत्या. निकाल 2020 मध्ये आला: ॲस्पिरिनच्या गटात 37 आठवड्यांआधी बाळंत होणाऱ्या 11.6 टक्के, दुसऱ्या गटात 13.1. फरक दीड टक्क्याचा, पण तो कळला कारण निम्म्या जणींनी औषध नसलेली, हुबेहूब तशीच गोळी घेतली.

त्या गोळीपाशीच माझं घोडं अडतं.

एका वेगळ्याच अभ्यासात मी नाव नोंदवलेल्या एका मुलीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. असं काही झालं की 24 तासांत वर कळवावं लागतं, म्हणून लगोलग तिच्या घरी गेले. ती दवाखान्यातच होती, घरी एकटी सासू. उरलेल्या गोळ्या परत घेऊन मोजायच्या असतात, फॉर्मवर तसा रकाना आहे. सासूने देवळीतून पिशवी काढली. पट्ट्यांना कुंकू लागलेलं. ओट्यावर बसून मी मोजल्या. तारखेनुसार जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच होत्या, पोरीने एकही चुकवली नव्हती.

"ह्यात औषध व्हतं का नव्हतं?" सासूने विचारलं.

मला माहीत नव्हतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसतं. संमतीपत्रात ते लिहिलेलं होतं आणि मीच वाचून दाखवलं होतं.

"तुमीच देता आन् तुमालाच ठावं न्हाई?"

पुढे अभ्यासातल्या बायकांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या कमिटीने कळवलं, गोळीचा संबंध नाही. तेही सांगायला गेले. कुणाला कुठली गोळी हे कमिटीला उघडून बघता येतं, मला नाही, असं समजावलं. सासू म्हणाली, "मंग त्यास्नीच धाडायचं व्हतं."

कमिटीवर माझा भरवसा आहे, आजही. पण पूर्वी या कामावर नव्याने येणाऱ्या मुलींना शिकवायचे, बाईने सही केली म्हणजे तिला कळलं. ते आता तोंडातून निघत नाही. शेजारी सासू, दारात नवरा, आणि समोर मी, जिला महिन्याचा नोंदणीचा आकडा गाठायचाय. त्या सहीत तिची मर्जी किती? म्हणून सगळ्याच जणींना वगळायचं म्हणाल, तर तो 2 जुलै परत वाचा.

हल्ली घरच्यांना बाहेर बसवते आणि हुबेहूब गोळीचा परिच्छेद दोनदा वाचते. ऑफिसात विचारतात, तुझ्याच गावांतून बायका कमी का मिळतात. मिळतात की. ऐकून झाल्यावर काही जणी नको म्हणतात.