तुम्ही विचारलंत म्हणून : ही गोळी बंद कशी करायची?

"भाऊ, हाई गोयी जनमभर खानी पडी का?" आमच्या मेडिकलवर हे विचारणारे बरेच, आणि सगळे गर्दी ओसरल्यावरच विचारतात, हळू आवाजात, कारण गोळी डिप्रेशनची नाहीतर घबराटीची असते आणि शेजारी बीपीची गोळी घ्यायला गावातलाच कोणीतरी उभा असतो. माझं दुकान अमळनेर तालुक्यात, आणि मी स्वतः एस्सिटालोप्रॅम, म्हणजे डिप्रेशन-घबराटीचीच एक गोळी, घेऊन सोडलेलं आहे हे बऱ्याच जणांना माहितीये, म्हणून मलाच जास्त विचारतात. तर एकदा सगळं लिहूनच टाकतो.

जनमभर? बहुतेकांना नाही. डिप्रेशन पहिल्यांदाच झालं असेल तर बरं वाटायला लागल्यावर पुढे निदान सहा महिने तरी गोळी चालू ठेवायला सांगतात, परत परत होत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया या आजारांचं गणित वेगळं, तिथे काहींना खरंच लांबपर्यंत घ्यावी लागते, आणि लिथियम (बायपोलरचं औषध) एकदम सोडलं तर मॅनिया, म्हणजे मन बेफाम उधळण्याचा झटका, उसळू शकतो, त्यामुळे दुसऱ्याचं बघून तिथे काहीही करू नका.

आता कशी, ते. लोक काय करतात हे मला बिलावरूनच कळतं. दर महिन्याला येणारा माणूस येईनासा होतो. कधी मुलीला बघायला पाहुणे येणार असतात आणि घरात स्ट्रिप दिसायला नको असते, कधी आखाजीला माहेरी आलेली पोरगी गोळ्या सासरीच ठेवून येते, कधी कापसाचे पैसे अडकलेले असतात, आणि सगळ्यात कॉमन म्हणजे "आता बरं वाटतंय ना, मग कशाला". अहो पण बरं वाटतंय ते गोळीमुळे का गोळीशिवायही वाटलं असतं, हे घरी बसून नाही कळत.

एकदम सोडण्यात सगळ्यात जास्त भीती झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची, म्हणजे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे. बरेच महिने रोज घेणाऱ्याने त्या झटक्यात थांबवल्या तर फिट येऊ शकते, आणि फिट जिवावर बेतू शकते. काही पुरुष मंडळी गोळी बंद करून रात्री देशीवर भागवतात आणि वर सांगतात की गोळी सुटली. काही सुटलेलं नसतं. चिठ्ठीशिवाय मी या गोळ्या देत नाही, त्यावरून बोलणी खातो, खाईन.

दुसरा उद्योग म्हणजे एक दिवसाआड घेणं. ऐकायला बरोबर वाटतं, निम्मी झाली ना! पण एस्सिटालोप्रॅम शरीरातून साधारण सव्वा दिवसात अर्धं होतं, म्हणजे एक दिवसाआड घेतलं की रक्तातलं प्रमाण रोज वरखाली होत राहतं आणि मेंदूला ना धड गोळी मिळते ना धड सुटका. डिप्रेशनच्याच दुसऱ्या गोळ्या, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, अजून लवकर उतरतात म्हणून ती सोडताना जास्त त्रास होतो, फ्लुऑक्सेटिन मात्र बरेच दिवस रेंगाळतं. त्यामुळे रोजच घ्यायची, पॉवर कमी कमी करत.

आणि इथे खरी गंमत आहे जी मलाही दुकानात इतकी वर्षं बसून नीट माहिती नव्हती, डॉक्टरांनी कागदावर वाकडी रेघ काढून दाखवली तेव्हा कळली. २०१९ मध्ये होरोविट्झ आणि टेलर या दोन संशोधकांनी लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय मासिकात हे मांडलं होतं. सिटालोप्रॅमचे (एस्सिटालोप्रॅमच्या जवळच्या नात्यातली गोळी) २० मिलीग्रॅम घेतले की मेंदूतल्या ज्या जागांवर गोळी काम करते त्यातल्या साधारण ८०% अडतात. आता ५ वर या. आपल्याला वाटतं तीन चतुर्थांश काम झालं, पण जागा अजून ६०% च्या आसपास अडलेल्याच असतात. म्हणजे २० वरून ५ वर येताना मेंदूला फारसं कळत नाही, आणि पाचावरून शून्यावर उडी मारली की सगळं एकदम. "शेवटी अगदी बारकीच राहिली होती, ती सोडून दिली" म्हणणारेच पडतात ते म्हणून. शेवटचा तुकडा सगळ्यात हळू सोडायचा असतो.

माझं तसंच झालं. वरचे डोस आरामात कमी झाले, अगदी खाली आल्यावर मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायचं, विचित्र स्वप्नं पडायची, आणि बायकोवर उगाच ओरडायचो. डॉक्टरांनी एक पायरी परत वर नेलं, तिथेच काही आठवडे थांबवलं, मग अजून बारीक तुकड्यांनी खाली. यात हार वगैरे काही नाही, असंच करतात. पण गोळी तोडायची का नाही हे मात्र विचारूनच, एसआर, एक्सआर लिहिलेली, म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी गोळी तोडली की सगळं औषध एकदम सुटतं.

मग हा सोडण्याचा त्रास का आजार परत आला? ढोबळ खूण अशी की डोस कमी केल्यावर थोड्याच दिवसांत चक्कर, मळमळ, करंट, असं अंगाचं काही नवीनच सुरू झालं आणि डोस परत वाढवल्यावर पटकन थांबलं तर बहुधा सोडण्याचा त्रास. जुनंच दुखणं हळूहळू, कधी कधी काही महिन्यांनी, डोकं वर काढायला लागलं तर आजार. नक्की कुठलं ते डॉक्टरांनी ठरवायचं. आणि आजार परत येऊ शकतो हे मी लपवणार नाही. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात, २०२१ चा आहे, बरं वाटणाऱ्या लोकांपैकी ज्यांची गोळी टप्प्याटप्प्याने थांबवली त्यातल्या ५६% ना वर्षभरात डिप्रेशन परत आलं, चालू ठेवलेल्यांत ३९%. मला यात दोन्ही दिसतं, गोळी ही काही पक्की गॅरंटी नाही, आणि सोडलेल्यांतले बरेच जण ठीक राहिले.

म्हणून वेळ निवडा. घरात लग्न, कापूस वेचणी, बाळंतपण चालू असताना सुरू करू नका. घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा, कारण चिडचिड आपल्याला नाही, त्यांना आधी दिसते. दिवस राहिले म्हणून घाबरून गोळ्या फेकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि व्हॅल्प्रोएट (बायपोलरला, फिटला देतात ते औषध) चालू असेल तर पोटातल्या बाळाला धोका असतो, म्हणून मूल हवं असं ठरवतानाच बोला.

"डॉक्टर ऐकूनच घेत नाही, नुसतं चालू ठेवा म्हणतो" हीपण तक्रार खूप येते आणि कधी कधी खरी असते. मग दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, धुळ्याला, जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, पण तोवर गोळी चालूच ठेवा. नुसतं कोणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, आणि जीव नकोसा वाटायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा. डॉक्टरकडे जाताना चिठ्ठी आणि उरलेली स्ट्रिप दोन्ही न्या, "पिवळी छोटी गोळी" एवढ्यावरून मलाही कळत नाही अन् त्यांनाही नाही.