नील बेटावर राहायला जायचंय? आधी तिथी बघा (माझा अनुभव)

अंदमानचं पॅकेज मागितलं की जवळपास सगळीकडून एकच साचा येतो, पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉकला दोन रात्री आणि नील बेट सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आम्हाला नेमकं उलटं हवं होतं. आई, नवरा आणि मी, तिघांनाही एका छोट्या बेटावर सामान टाकून निवांत राहायचं होतं आणि त्यासाठी नीलच डोक्यात बसलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम पाच किमी, सपाट रस्ते, सायकल नाहीतर स्कूटी भाड्याने घेतली की झालं. कोणी नुकतंच प्लॅनिंगला बसलं असेल तर आमचं कसं जमत गेलं ते सांगते, जरा लांबेल.

सगळ्यात आधी नावांचं बघा. 2018 मध्ये नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बुकिंग करताना कुठे जुनं नाव दिसतं कुठे नवं, त्यामुळे दोन्ही टाकून शोधायचं. आपल्याला म्हणजे भारतीयांना या बेटांसाठी वेगळं परमिट लागत नाही, फक्त मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या हाताशी हवं, बोटीत चढताना बघतात.

आता मुख्य मुद्दा. तारखा ठरवताना मी विमानाचे दर नंतर बघितले, आधी कालनिर्णय काढलं. कारण नीलवर काय कधी बघता येईल हे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरतं. जेट्टीला लागूनच भरतपूर बीच आहे, पाणी इतकं नितळ की खालची वाळू दिसते, पण ओहोटीला तिथे पाणी पार आत जातं आणि मधे नुसते प्रवाळाचे दगड उघडे पडतात, पोहायला काही उरत नाही. उलट लक्ष्मणपूरच्या बाजूचा जो नैसर्गिक पूल आहे (खडकाची मोठी कमान, तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात) तिथे ओहोटीलाच जायचं, भरतीत वाटच पाण्याखाली असते. म्हणजे एकाच दिवसात एक जागा भरतीला आणि एक ओहोटीला, आणि सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्याच्या नशिबात दोन्हीपैकी जे असेल ते.

आई किनाऱ्यावरच्या गावात वाढलेली, तिला उधाण आणि भांग हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं वरखाली होत नाही. ती म्हणाली अमावस्या धर. मी आधी पौर्णिमेच्या मागे होते चांदणं मिळेल म्हणून, पण तिचं बरोबर होतं, अमावस्येला ओहोटी पण खोल मिळते आणि रात्री काळोख पण. मग पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर बघून त्या दिवसांच्या वेळा एका कागदावर उतरवल्या. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे एका दिवसाची माहीत असली की पुढचे अंदाजाने जमतात. आमच्या दिवसांत सकाळी भरती आणि दुपारी उशिरा ओहोटी येत होती, म्हणजे सकाळी भरतपूरला पोहणं आणि दुपारी पूल, आपोआप आखून मिळालं.

दुसरी गोष्ट उजेडाची. अंदमान खूप पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळे हिवाळ्यात सव्वापाचच्या आसपास सूर्य बुडतो आणि सहाला गडद अंधार. संध्याकाळी निवांत निघू म्हटलं तर काहीच बघून होत नाही. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला, दोन्ही बेटाच्या दोन टोकांना, आणि मधल्या रस्त्याने सगळी भाजीची शेतं. तिथून भाजी आजूबाजूच्या बेटांवर जाते. राहायची जागा आम्ही मुद्दाम बाजाराच्या जवळ घेतली, आईला अंधारात लांब चालायला नको म्हणून. समुद्राला चिकटून असलेली खोली महाग पडते आणि एवढ्या लहान बेटावर त्याची मला तरी गरज वाटली नाही.

बोटीचं सांगते. खासगी बोटी हॅडो जेट्टीवरून सुटतात, तास-दीड तास लागतो, एसी आणि बंद असतात, तिकीट बरंच आधी काढता येतं. सरकारी बोट फिनिक्स बे वरून, स्वस्त, वेळ थोडा जास्त, डेकवर उभं राहता येतं, पण तिकिटं काहीच दिवस आधी सुटतात आणि पटकन संपतात. आई सोबत होती म्हणून जाताना खासगी घेतली. बोट लागत असेल तर गोळी बोटीत बसायच्या आधी घ्या, नंतर उपयोग नाही, आणि कोणती ते आपल्या डॉक्टरांना विचारून.

पैसे आणि नेटवर्क यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. चेन्नईवरून समुद्राखालची केबल 2020 मध्ये सुरू झाली तेव्हापासून पोर्ट ब्लेअर-हॅवलॉकचं इंटरनेट सुधारलं, पण नीलवर ती केबल गेलेली नाही. तिकडे ऑनलाइन पेमेंट कधी होतं कधी गोल फिरत बसतं, एटीएमच्या भरवशावर राहू नका, कॅश पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन जा, तिकिटांची प्रिंट काढा, नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा. आईची औषधं पूर्ण मुक्कामाची अधिक थोडी जास्त अशी दोन बॅगांत विभागून नेली, बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे पण तुमची रोजची नेमकी गोळी तिथे मिळेलच असं कसं धरायचं.

पुलाकडे जाताना चपला नकोत. मेलेल्या प्रवाळाचे टोकदार, शेवाळलेले दगड आहेत, मागे पट्टा असलेले ग्रिपवाले बूट लागतात. आई हात धरून हळूहळू आली आणि तिथे खडकातल्या एका खळग्यात तिला एक शिंपला दिसला. दगडात रुतलेला, फक्त कडा बाहेर, आणि आतली कड जांभळट निळी, नागमोडी, शाई सांडावी तशी. ती वाकली, तिची सावली पडली आणि तो चटकन मिटला. आम्ही बाजूला सरकून थांबलो तर हळूहळू परत उघडला. हे तिने तीनदा केलं, मग मीच म्हटलं, आता पुरे, त्याला राहू दे. असले शिंपले, प्रवाळ, शंख काहीही उचलून आणायचं नाही, कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. मला तर वाटतं बंदी नसती तरी आणू नये, तो खळगा त्यांचं घर आहे.

रात्री काळोखाचा फायदा झाला. गुडघाभर पाण्यात हात फिरवला की बारीक निळसर ठिणग्या उठायच्या, सूक्ष्म जीवांचा उजेड. रोज दिसेल याची खात्री नाही, आम्हालाही एका रात्री नीट दिसलं. कुठे पाण्यात उतरायचं हे मात्र तिथल्या लोकांना विचारूनच, अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाट्या लावलेल्या असतात त्या वाचा. आणि वाळूत बारीक माश्या चावतात, संध्याकाळी लांब पायजमा घाला.

शेवटचं, परतीचं. पूर्ण प्लॅन आम्ही परतीच्या विमानापासून मागे मोजत केला आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवली. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, मग पुढच्या बोटीत जागा मिळेल तेव्हा. परतीचं विमान आणि त्याच दिवशी सकाळची बोट असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. सेल्युलर जेल आम्ही मुद्दाम त्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं, म्हणजे बोट वेळेवर आली तर दिवस वाया नाही आणि उशीर झाला तर विमान तरी चुकत नाही. आमची बोट दोन तास उशिरा आली, तरी दुपारी जेल नीट बघून झालं.