२५ पाउंडर झाली एकदाची (जवळपास)
दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश तोफेचं मॉडेल, १:३५ स्केल, म्हणजे खऱ्या तोफेच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं. खऱ्या नळीचं तोंड ८७.६ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम अडीच मिमी, आणि माझ्या किटमध्ये नळी दोन अर्ध्या तुकड्यांत आली त्यामुळे जोड घासता घासता मी ती एका बाजूने चपटीच करून टाकली, मग पुटी लावा, वाळू द्या, परत घासा. खाली तो चाकासारखा गोल प्लॅटफॉर्म असतो ना, ज्यावर अख्खी तोफ गर्रकन फिरवायचे, तो मात्र मस्त जमला. १९४२ चं अल अलामेन (इजिप्तच्या वाळवंटातली लढाई) म्हणून वाळूचा रंग, वर पातळ तपकिरी रंगाचा वॉश, कडांना स्पंजने गंजाचे ठिपके. गंज जरा जास्तच झाला, वाळवंटात एवढं कुठलं गंजायला! पुसतोय आता कापसाने.